क्रूगरसाहेबांशी असलेली ओळख मोडण्याबाबत

कोल्हापूर,
फेब्रुवारी १९९९

आदरणीय जोतीराम दाजी यांस,
बाबासोचा सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे जो तो आपापल्या जागी ठीक आहे. मी तेवढा जागेवर नाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डोळ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या यल्लव्वाक्काला लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, असं तुमच्या मागच्या पत्रात होतं. (तेव्हा यापुढे तुमचे कोणते उद्योग तिच्या नजरेला पडतात ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही जबाबदार नाही.) हुबळीत यंदा थंडी फार म्हणतात. इथंही पहाटे बरी असते, पण फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला थंडीचं कौतुक सांगून उपयोग नाही. फोनच केला असता, पण आमच्या कोपऱ्यावरच्या पीसीओत बोललेलं संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरून आपल्याच घरी परत येतं, म्हणून पत्र.

हे पत्र मी शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, साच्यांच्या लाकडी नमुन्यांच्या गर्दीत बसून लिहितोय. बसून म्हणायचं आपलं. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीतून गेस्ट हाऊसकडं बघतो, पुन्हा बसतो, पेनाचं टोपण शोधतो, ते खिशातच असतं. निशाची आई म्हणते तुमच्या पायाला भिंगरी बांधलीय. काल जेवताना मी दोनदा उठून दार उघडून बघितलं. कोण आलंय म्हणून तिनं विचारलं, तर कोणीच आलेलं नव्हतं. कोणी येईल असंही नव्हतं.

कारण तुम्हाला अर्धं माहीत आहे. आमच्या निशानं मेटलर्जीचा डिप्लोमा केला. (लोखंड वितळवून पुन्हा लोखंडच करायचं तर शिकायचं काय, हा अक्काचा प्रश्न अजून तसाच आहे.) आमच्या फाउंड्रीतून पंपांची कास्टिंग्ज घेणारी एक जर्मन कंपनी यंदा कोल्हापुरातून दोघांना एक वर्षाच्या ट्रेनिंगला तिकडं नेणार आहे. लेखी परीक्षा झाली, त्यात निशा पहिली आली. राहिली फक्त मुलाखत. आता तुम्ही म्हणाल, पोरगी पहिली आली तर बापानं गप बसावं. दाजी, गप कसं बसायचं? आमचे वडील जन्मभर कागद हातात धरून खिडक्यांपुढं उभे राहिले. आतला माणूस मान वर करून विचारायचा, कुठले तुम्ही, कुणाचे कोण? उत्तर ऐकलं की ती मान खाली जायची आणि पुन्हा वर यायची नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, की आपल्या पोरांच्या वेळी खिडकीच्या आतला एक तरी माणूस आपल्या ओळखीचा असणार. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मी माणसं जमवली. आज माझा एसटीत एक कंडक्टर आहे, दवाखान्यात एक वॉर्डबॉय आहे, गॅस एजन्सीत एक पोरगा आहे, आणि रेशनच्या दुकानात तर दोन आहेत, त्यांचं आपसात पटत नाही म्हणून. पण यातला एकही जर्मनीत नाही, ही अडचण झाली.

तर त्या कंपनीचे क्रूगरसाहेब आमच्या फाउंड्रीच्या गेस्ट हाऊसवर तीन महिने मुक्कामाला आलेत. माणूस सहा फूट, केस पांढरे, हातात सदा खडू. कास्टिंगवर हात फिरवतो, कान लावून वाजवून बघतो, आणि पसंत नसलं की खडूनं फुली मारतो. मुलाखतही हेच घेणार, असं पहिल्याच आठवड्यात कळलं. मोल्डिंगचा फोरमन सयाजी (शाहूवाडीकडचा, माझा जुना दोस्त, तुम्ही त्याला निशाच्या बारशात पाहिलाय, जिलेब्या वाढताना) मला म्हणाला की जगात बिनपावण्याचा माणूस नसतो, नीट विचारावं लागतं. मग त्यानं साहेबाला धरलं. सयाजी विचारणार, मी इंग्लिशमध्ये सांगणार. गाव कुठलं? आईचं गाव कुठलं? मामा काय करतात? साहेब बिचारा मुकाट्यानं उत्तरं देत होता, त्याला वाटलं फाउंड्रीत नोंद करायची असेल. आईच्या गावाचं नाव आलं, तसा सयाजी पळत गेला आणि आमच्या जुन्या मोल्डिंग मशीनवरची पितळी पाटी बघून परत आला. तेच नाव! "आरं तिच्या, ह्यो तर आपल्या मशीनच्या म्हायारचा माणूस निघाला की! या पावणं!" म्हणून त्यानं साहेबाला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी त्या मशीनला झेंडूचा हार. साहेबानं रुमालानं पाटी पुसून वाचली आणि सांगितलं, की त्याचा मामा याच कारखान्यात होता. मला वाटलं, झालं काम. सोयरीक निघाली!

पण जरा घट्ट करायला हवी होती. म्हणून पौर्णिमेला सयाजीनं साहेबाला नृसिंहवाडीला न्यायचा बेत काढला. तिथं आमच्या डिस्पॅचमधल्या एकाचा मेव्हणा पेढ्याच्या दुकानात असतो, त्याची आत ओळख, बाजूच्या दारानं थेट दर्शन. मी आपला नदीकाठी शेंगा खात बसणार होतो. पण साहेबानं आधी ती रांग बघितली आणि विचारलं, ही माणसं कशासाठी उभी आहेत? सांगितलं. मग आपण का उभे नाही, म्हणाला, आणि सरळ शेपटाला जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं सयाजी. साहेबाला एकटं सोडायचं नाही, म्हणून सयाजीमागं मी. दाजी, छप्पन साली आमच्या वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातलं कोणी देवळाच्या रांगेत उभं राहिलेलं नाही, तो मी पोरीपायी ऊन खात उभा. (हे अक्काला कळू देऊ नका.) पेढेवाला बाजूच्या दारातून सारखे हात करून बोलावत होता. साहेबाला वाटलं माणूस प्रेमळ आहे, तोही त्याला हात करत होता. शेवटी गाभाऱ्याजवळ मी हळूच बाजूला व्हायला लागलो, तर मागची एक म्हातारी मला ढकलून म्हणाली, "एवढं उभारलाय तर जोडा की हात, पावणं, लाजताय कशाला!" येताना गाडीत साहेब म्हणाला, की आजचा दिवस फार चांगला गेला, सगळ्यांना सारखाच वेळ लागला.

तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मी साहेबाला घरी जेवायला बोलावलं. निशा त्या वेळी तिच्या जर्मन भाषेच्या क्लासला असते, मुद्दाम तोच वार धरला. (बापानं घरात जर्मन माणूस बसवलाय आणि पोरगी बाहेर फी भरून जर्मन शिकतेय, असा आमचा कारभार.) ओळखीच्या खाटकाकडून मटण आणलं. निशाच्या आईनं पांढरा केला, तांबडा केला, सयाजीनं येऊन साहेबाला फेटा बांधला. पांढरा रस्सा साहेब वाटीवर वाटी प्याला. तांबडा रडत रडत प्याला, पण प्याला. आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. कामाचं बोलणं जेवणाआधी काढायचं नाही. पाहुण्यानं हात धुवावेत, बडीशेप तोंडात टाकावी, मग हळूच विषय काढायचा. आधी काढला तर कामासाठी जेवायला घातलं असं दिसतं. मी रीत सोडली नाही. बडीशेप दिली आणि पाठ केलेलं इंग्लिश बोललो: "सर, वन स्मॉल वर्क." त्याला वाटलं पॅटर्नबद्दल काही असेल. मग मी सांगितलं, की परीक्षेत पहिली आली ती पोरगी माझी.

साहेबाचं चावणं थांबलं. त्यानं डोक्यावरचा फेटा सावकाश काढला, मांडीवर ठेवला, आणि पोरीचं संपूर्ण नाव विचारलं. दाजी, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, शिफारशीसाठी विचारतोय. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, बरोबर लिहिलंय का ते वाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्यांच्या हेड ऑफिसला कळवलं, की या उमेदवाराच्या वडिलांनी मला घरी बोलावून जेवण दिलं व डोक्याला वस्त्र बांधलं, सबब मी हिची मुलाखत घेऊ शकत नाही. आधी सांगितलं असतं तर तो जेवला नसता आणि मुलाखत घ्यायला मोकळा राहिला असता. म्हणजे आपल्यात मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो. त्यांच्यात मीठ खाल्लं की माणूस सुटतो.

सयाजीला माझ्यापेक्षा जास्त लागलं. "मटान खाल्लं आमचं, आन् वर न्याय करतंय व्हय!" म्हणून तो दोन दिवस साहेबाच्या नावानं बोटं मोडत होता. आणि घरी निशाला कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं उरलेला रस्सा शेजारी नेऊन दिला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

मग सयाजीनंच तोड काढली. म्हणाला, "सोयरीक मोडता येत्या, तर वळख मोडता येत न्हाय व्हय?" ओळखच राहिली नाही तर साहेबाला मुलाखत घ्यायला हरकत काय? मला ते पटलं. (त्या दिवसांत मला काहीही पटत होतं.) मी साहेबाला सकाळचा नमस्कार बंद केला. समोरून आला की भिंतीकडं बघत जायचो. तिसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आला आणि पोटाच्या गोळ्या ठेवून गेला. त्याला वाटलं मला बरं नाही. मग सयाजी म्हणाला, चारचौघांत भांडण कर. मला भांडायला निमित्त सापडेना, म्हणून कँटीनमध्ये सगळ्यांदेखत ओरडलो, की तुमच्या फुल्या चुकीच्या आहेत, तुम्हाला कास्टिंगमधलं काही कळत नाही. साहेब चहा टाकून उठला. मला वाटलं, तुटली एकदाची. तर तो गेला, फुली मारलेला सगळा माल पुन्हा वाजवून बघितला, त्यातली दोन कास्टिंग्ज खरंच चांगली निघाली, आणि परत येऊन त्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, की इतका सच्चा माणूस त्याला अख्ख्या हिंदुस्थानात भेटला नव्हता. आता तो मला रोज पाठीवर थाप मारतो. होती त्यापेक्षा ओळख दुप्पट झाली.

शेवटी मी सरळ जाऊन म्हणालो, साहेब, आपली काही ओळख नाही असं लेखी द्या. त्यानं मला गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसवलं, स्वतः चहा केला. म्हणाला, आमच्याकडंही हे ओळखीनं काम करून घेणं असतं, आम्ही त्याला गमतीनं व्हिटॅमिन म्हणतो. माझ्या मामानं मला कारखान्यात चिकटवलं. आता माझी रिटायरमेंट आली, तरी लोक म्हणतात, मामाचा भाचा. तुझ्या मुलीचा पेपर मी तपासलाय. तिला या व्हिटॅमिनची गरज नाही. तिला ते चिकटवू नकोस.

बोलणं चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण दाजी, मामाचा भाचा म्हणाले तरी नोकरी जन्मभर केलीच की त्यानं! आणि आमचं काय? आमची पोरगी पहिली आली त्या दिवशी आमच्याच डिस्पॅचमध्ये एकजण दुसऱ्याला म्हणाला, कोट्यातली असेल. त्या परीक्षेला कोटा नव्हताच, तरी म्हणाला. वशिला नसताना आम्हाला हे ऐकावं लागतं. मग आत एखादा आपला माणूस बसलेला असावा असं मला वाटलं, तर त्यात माझं काय चुकलं? हे सगळं मला साहेबाला सांगायचं होतं. पण माझं इंग्लिश साच्याचं आणि वाळूचं, त्यात हे बसेना. निम्मं पोटातच राहिलं. मी चहा पिऊन उठलो. मला भीती वाटते दाजी. दुसरं काही नाही, नुसती भीती वाटते, आणि ती बसली की वाढते म्हणून मी फिरत असतो.

असो. आता मुलाखत घ्यायला कंपनीच्या बंगलोर ऑफिसातून एक मॅडम येणार आहेत, येत्या गुरुवारी. दुसऱ्या जागेसाठी कोण कोण आहे म्हणाल, तर एका चेअरमनसाहेबांचा पुतण्या ऋतुराज आहे आणि बाकी चार-पाचजण. मी मात्र आता वशिला हा विषय सोडला. पुरता सोडला. पोरगी अभ्यास करते, मी दुधाचा कप घेऊन जातो, ती मान वर न करता "ठेवा" म्हणते, मी ठेवून येतो. जे व्हायचं ते होईल. माणसानं आपलं काम करावं आणि शांत राहावं, असं मी आता सगळ्यांना सांगत असतो. (हे वाक्य लिहिताना मी एकदा गेटपर्यंत जाऊन आलो.)

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, तो वाढवायचा ताण तुम्हाला देत नाही.

आपला,
बाबासो

ता. क. — त्या मॅडम मूळच्या हुबळीच्या आहेत, असं सहज कानावर आलं. (सहज म्हणजे सयाजीनं गेस्ट हाऊसच्या आचाऱ्याला विचारलं.) वडील रेल्वेत गार्ड होते. तुम्हीही रेल्वेतच होता. आता हुबळीत रेल्वेची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत असं कसं होईल? वशिला म्हणून सांगत नाही, नुसती चौकशी. अक्का कधी त्या बाजूला गेलीच, तर त्यांच्या घरी टेकावं, आणि आमच्या भावाची पोरगी मुलाखतीला आहे एवढं बोलावं. फक्त काम आधी सांगावं, चहा नंतर घ्यावा. उलट करू नये.

ता. क. २ — वरचं खोडा. रात्रभर विचार केला. अक्का त्यांच्या घरी चहा पिऊन आली म्हणून या मॅडमही सुटल्या, तर मुलाखत घ्यायला जर्मनीहून प्रत्यक्ष मालक येईल, आणि त्याला तांबडा रस्सा पाजायची ताकद आता आमच्यात नाही. त्यापेक्षा असं करा. अक्कानं जावं, पेढे न्यावेत, खाऊ घालावेत, आणि उठताना सांगावं की आम्ही ऋतुराजकडची माणसं. निशाचं नाव काढू नये. यात पाप असेल तर ते माझ्या खात्यावर. पत्र मिळताच निघा, गुरुवारच्या आत.

ता. क. ३ — मामा, मी निशा. आत्याला नमस्कार. बाबांनी हे पत्र चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. मी ते उघडून वाचलं आणि गुरुवार होईपर्यंत पर्समध्ये ठेवलं, म्हणून तुम्हाला उशिरा मिळतंय. मुलाखत झाली. मॅडमनी दीड तास फक्त लोखंडाबद्दल विचारलं. आजच कळलं, माझी निवड झाली. दुसरी जागा ऋतुराजला मिळाली. चांगला मुलगा आहे, त्याच्याही घरी त्याचे काका असंच करतात म्हणे.

बाबांना संध्याकाळी घरी आले की सांगेन. ते आधी रडतील आणि मग विचारतील, दाजींनी काय केलं? म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही आयुष्यात कुणासाठी शब्द टाकला नाहीत, हे बाबा सगळ्यांना तक्रारीनं सांगत असतात, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं त्यांना खरं वाटेल. एकदाच खोटं लिहा. लिहा, की पत्र वेळेत मिळालं, तुम्ही स्वतः मॅडमच्या वडिलांकडे गेलात, माझ्यासाठी शब्द टाकलात, आणि त्यांनी तो राखला. बाबा ते पत्र खिशात घालून अख्ख्या शिरोलीत फिरतील, सयाजीकाका पेढे वाटतील, आणि लोक म्हणतील, पोरगी वशिल्यानं गेली. म्हणू देत. मामा, आपल्या घरातलं कुणी वशिल्यानं गेलं, असं आजवर कुणी म्हणालंय का? बाबांना एकदा ऐकू दे.